पडद्यामागची ओढ

"आणखी एकदा घेऊ या," तंत्रज्ञ बाई म्हणाल्या, आणि तो सूर तिच्या चांगल्या ओळखीचा होता. कारखान्यात रंगवून आलेला कापडाचा तुकडा नमुन्याशी जुळला नाही की ती स्वतः याच सुरात बोलायची. आवाज मुद्दाम साधा ठेवायचा, समोरच्याला घाबरू द्यायचं नाही. पण आपल्याला कळलेलं असतं. तिची हनुवटी टेकणीवर होती, कपाळ पट्ट्याला लावलेलं, डावा डोळा झाकलेला, आणि उजव्या डोळ्याच्या खालच्या पापणीत केसासारखी बारीक तार सोडलेली. समोर पांढऱ्या घुमटाची आतली बाजू असणार, पण दिवा नव्हता म्हणून तिथे नुसता काळोख होता आणि त्या काळोखात आपल्याच डोळ्यातले करडे, जांभळट डाग संथपणे सरकत होते. "पापणी हलवू नका हं. उजेड पडला तरी बघत राहा. या वेळी तो जरा राहणार आहे." मग उजेड पडला. लखकन चमकून विझला नाही, पडला तो पडूनच राहिला. घुमट दुधासारखा भरून आला, डोळ्यात पाणी साचलं, आणि पडद्यापलीकडे बाईंची खुर्ची कुरकुरली. त्या पुढे वाकल्या असणार.

"काही चुकलं का माझं? पापणी हलली?"

"छे, तुम्ही छान बसलात." तार काढताना बाईंची बोटं गार होती. "पहिल्या दोन लाटा आल्यात. त्यांच्यामागून एक उंचवटा यायला हवा, सावकाश चढणारा. सरांना तोच हवा असतो, पोटॅशियमचा. तो काही तुमचा येत नाहीये. दरवेळी रेघ सपाटच." मग आपण जास्त बोललो असं वाटून त्या म्हणाल्या, "सर बघतील. मी आपली मशीन चालवते."

सर म्हणजे तिचा धाकटा भाऊ. जगाला सर, तिला बारक्या. हे नाव तो पाळण्यात असताना पडलं, आणि पुढे तो वाढत वाढत दारातून आडवं होऊन शिरावं लागेल एवढा झाला तरी कुणी ते बदललं नाही. त्याचं सगळं आयुष्य डोळ्याच्या आतल्या पडद्यात गेलं होतं, आणि त्या पडद्यातही फक्त पोटॅशियमच्या मागे: अंधारात ते कुठे साठतं, उजेड पडला की कुठून कुठे जातं आणि त्यामुळे वीज कशी हलते. जेवताना कुणी सहज विचारलं तर तो मीठदाणी, चमचे, वाट्या मांडून सांगायला बसायचा आणि एकेक जण हात धुवायला उठायचा. महिन्याभरापूर्वी त्याने फोन केला होता. "ताई, एकदा तासभर येऊन बस. तुझ्या वयाची निरोगी माणसं मिळत नाहीत गं. डोळे जरा दिपतील, बाकी काही नाही." निरोगी हा शब्द तिला आवडला होता. या वयात कुणी आपल्याला निरोगी म्हणून बोलावतंय म्हणजे एखाद्या समारंभाला बोलावल्यासारखंच. आणि ती आली तेव्हा तो स्वतः परिषदेसाठी परदेशी निघून गेला होता. आठवडाअखेर परतणार होता.

बाहेर रस्ता पांढराफटक होता. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या करणाऱ्या थेंबांचा अंमल उतरला नव्हता, त्यामुळे गाड्यांच्या काचा, खिडक्यांच्या कडा, एका माणसाच्या मनगटावरचं घड्याळ, जे जे चकाकत होतं ते सुईसारखं आत शिरत होतं. तिने हाताचा आडोसा केला आणि भिंतीच्या कडेने चालू लागली. चालता चालता तिच्या लक्षात आलं की आपला डावा हात भिंतीला लागतोय. नुसता लागत नाहीये, भिंत चाचपतोय. तिने तो झटकन मागे घेतला. एवढ्या लहानशा गोष्टीने तिचा तोल गेल्यासारखं झालं. जिना उतरताना पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसं. बाबा असंच चालायचे. भिंतीच्या कडेने, एक हात मोकळा, आणि चेहऱ्यावर असा भाव की आपण भिंतीचं बांधकाम तपासतोय.

बाबा पालिकेत नकाशे काढायचे. घरात सगळे त्यांना वेळेचा पक्का माणूस म्हणायचे. लग्न संध्याकाळचं असलं तरी ते दुपारी कपडे करून बसत, नाटकाला पडदा उघडायच्या कितीतरी आधी, दिवे लखलखीत असताना, आपल्या खुर्चीत जाऊन बसत. पाहुणे त्यांचं उदाहरण आपल्या मुलांना देत. एकदा मात्र उशीर झाला. सिनेमा सुरू झालेला, ती असेल आठ-नऊ वर्षांची, बारक्या आईच्या कडेवर; आणि बाबा अंधारात आत शिरले आणि सरळ एका परक्या बाईच्या मांडीवर जाऊन बसले. ती ओरडली, आजूबाजूचे हसले, आई लाजेने लाल झाली, आणि बाबा सगळ्यांत मोठ्याने हसले. ही गोष्ट पुढे कितीतरी वर्षं घरात सांगितली गेली. बाबाच सांगायचे, नक्कल करून. त्या हसण्याखाली काय होतं ते उमगायला तिला पंचविशी उलटावी लागली. तोवर बाबांच्या नकाशातल्या रेषा कागद सोडून टेबलावर जायला लागल्या होत्या. साहेबाने बोलावून विचारलं तेव्हा कुठे त्यांनी सांगितलं की रात्रीचं दिसत नाही ते लहानपणापासून, आणि आता दिवसाही नळीतून बघितल्यासारखं दिसतं, कडेचं सगळं गेलेलं. आई दोन दिवस बोलली नाही. नंतर म्हणाली, "माझ्यापासून लपवलंस?" एवढंच. डॉक्टरांनी त्यांचे डोळे बघून झाल्यावर या दोघांकडे, ताईकडे आणि कॉलेजातल्या बारक्याकडे, जरा जास्त वेळ बघितलं होतं आणि म्हणाले होते, हे वडिलांकडून येऊ शकतं. प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी. येईलच असं नाही.

निम्मी हा शब्द घरात पुन्हा कुणी उच्चारला नाही. पण तो होता. खाटेखाली सरकवून ठेवलेल्या पेटीसारखा होता. झाडताना केरसुणी तिला लागायची आणि वळून यायची. तिला रात्रीचं दिसायचं. व्यवस्थित दिसायचं. वीज गेली की पहिल्यांदा मेणबत्ती तीच शोधायची, आणि प्रत्येक वेळी मनात खूण करायची, दिसतंय. तिशीत केली, चाळिशीत केली. मग कधीतरी ती खूण करायचीही विसरली आणि विसरलो हे कळल्यावर तिला इतकं हलकं वाटलं होतं की तिने स्वतःसाठी नव्या चपला घेतल्या होत्या. आणि आता ही सपाट रेघ.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात तिच्यापुढे राखाडी कापड आलं. राखाडी सगळ्यांत अवघड; लाल कापडाची चूक कुणालाही दिसते, राखाडीत एखादा थेंब हिरवा जास्त पडला तर फक्त तिला दिसायचा. दिव्याच्या पेटीत नमुना आणि तुकडा शेजारी शेजारी ठेवून ती उभी राहिली. पेटीतला दिवा बदलला: दिवसाचा उजेड, मग दुकानातला, मग घरातला. जुळतंय की नाही? तिला कळेना. म्हणजे कळत होतं, पण कळण्यावरचा विश्वास उडाला होता. रोज ज्या फळीवर बेधडक उभी राहायची ती फळी हलते का हे बघायला वाकावं, तसं झालं. तिने तुकडा परत पाठवला. तासाभराने रंगाऱ्याने तोच पुन्हा आणून ठेवला.

"बाई, हा जुळतोय. तुम्ही बघा तरी."

"मी बघितलं."

"तुमची तब्येत बरी नाही का? तुम्ही जुळतंय म्हणाल असं धरून मी पुढच्या मालाची घाणी रंगायला लावली होती."

तिने पुन्हा दिव्याखाली धरून पाहिलं. तुकडा जुळत होता. तिने शिक्का मारला आणि स्वच्छतागृहात जाऊन आरशापुढे उभी राहिली. डोळे नेहमीचे होते, तपकिरी, उजव्याच्या कोपऱ्यात एक लाल शीर. आत काय चाललंय ते डोळ्याला दिसत नाही हे किती विचित्र, असं तिला वाटलं. सगळं जग यातून आत येतं आणि याच्या स्वतःच्या पोटात काय सडतंय याचा याला पत्ता नसतो.

घरी आल्यावर ती उगाचच दिवे लावायची, मग बंद करायची. स्वयंपाकघरात डोळे मिटून डबे ओळखायचा प्रयत्न करायची. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला होता. थकून यायचा, फारसं बघायचा नाही. पण एका संध्याकाळी त्याने तिला बंद डोळ्यांनी फडताळापुढे उभी असलेली पकडली.

"काय चाललंय? आंधळी कोशिंबीर?"

तिने सांगितलं. सपाट रेघेचं, बाबांचं, निम्म्याचं. तो बूट काढता काढता थांबला.

"मग बारक्याला फोन कर ना."

"तो का करत नाही? त्याच्याकडे गेलंय सगळं. त्याने बघितलं असणार."

"कामात असेल."

"पाच मिनिटं नसतील?"

"तू का करत नाहीस, ते सांग आधी."

याचं उत्तर तिच्याकडे होतं, पण ते बोलून दाखवण्यासारखं नव्हतं. बारक्याला खोटं बोलता येत नव्हतं. लहानपणी काही फोडलं की त्याचा आवाज घशात वर चढायचा. फोनवर त्याने नुसतं "ताई" म्हटलं असतं आणि तिला कळलं असतं. आणि जोवर तो "ताई" म्हणत नाही तोवर ती निम्म्यात होती. निम्म्यात जगायची सवय होती तिला. शिवाय आणखी एक विचार होता आणि तो तर तिने स्वतःलाही धड सांगितला नव्हता. पहिल्या रात्री तिला वाटलं होतं, चला, निदान बारक्या सुटला. दोघांत निम्मं निम्मं म्हणजे एकाला एक आणि एकाला काही नाही, असं काहीतरी बालिश गणित मनाने मांडलं होतं, आणि त्या गणितात आपण धाकट्यासाठी पुढे झालो असा एक गोडवा होता. दुसऱ्या दिवशी तो गोडवा आंबला. मीच का? तो आयुष्यभर या डोळ्याशी खेळत बसला, त्याच्यावर नाव कमावलं, आणि डोळा मात्र माझा जायचा. मग लेकीची आठवण आली. लेकीला सातवा महिना होता. ती रोज फोनवर पाय सुजल्याचं सांगायची आणि ही रोज म्हणायची, उशी घे पायाखाली. त्या दिवशी उशीचं सांगून झाल्यावर ती इतका वेळ गप्प राहिली की लेक म्हणाली, "आई, तू आहेस ना?"

"आहे."

"मग बोल की."

"तुला रात्री नीट दिसतं ना गं?"

"हे काय मधेच? दिसतं. का?"

"काही नाही. अंधारात उठशील, पाय घसरेल, म्हणून म्हटलं."

फोन ठेवल्यावर तिला बाबा आठवले. पण लपवणारे नव्हेत, नंतरचे. सगळं उघड झालं, नोकरी गेली, काही वर्षांत उरलेली नळीही मिटली. आणि तेव्हा कुणाला अपेक्षा नव्हती असं काहीतरी झालं होतं. बाबा खुलले. उशिरा घरी यायला लागले. रात्री गच्चीवर बसायला लागले, शेजाऱ्यांशी गप्पा मारत. एकदा तिने विचारलं होतं, तुम्हाला भीती नाही वाटत? तर म्हणाले, "भीती दिसत होतं तेव्हा वाटायची. आता कुणाला काही भासवायचं राहिलं नाही. छान झोप लागते बघ." तेव्हा तिला ते समजूत घालणं वाटलं होतं. आता, लेकीशी साधं बोलताना घामाने ओला झालेला फोन पदराला पुसताना, तिला वाटलं की ते अक्षरशः खरं बोलत होते.

शनिवारी संध्याकाळी बारक्याचा फोन आला. "ताई, आलो मी. उद्या लॅबमध्ये येतेस? सुट्टी आहे, कुणी नसेल." आवाज घशात वर चढलेला होता.

कळायचं ते तिला कळलं. त्या रात्री मात्र तिला गाढ झोप लागली.

लॅबचा लांब बोळ सुट्टीच्या दिवशी वेगळाच दिसत होता. जंतुनाशकाचा वास, एका नळाची टपटप, टोकाला पहारेकऱ्याचं टेबल. बारक्या आपल्या खोलीत उभा होता. बसलेला नव्हता, उभा. दाढी वाढलेली, प्रवासाचाच सदरा. त्याने तिला खुर्ची दिली, पडद्यावर तिची रेघ काढली आणि कुठलीही प्रस्तावना न करता म्हणाला, "तुझा डोळा ठणठणीत आहे."

ती बघत राहिली.

"बाईंनी तुला उंचवट्याचं सांगितलं ना? आज सकाळी त्यांचा फोन आला, म्हणाल्या मी उगाच बोलून बसले. तू आठवडाभर त्यावरच बसली असशील हे मला तेव्हा कळलं. हे बघ." त्याने बोट ठेवलं. "उजेड पडला की ही खालची खोच. ही उजेड टिपणाऱ्या पेशींची. मग हा सरळ सुळका, त्यांच्या पुढच्या पेशींचा. बाबांचं जे होतं ते असतं ना, तर या वयापर्यंत हे दोन्ही खचले असते. तुझे कॉलेजातल्या मुलीसारखे आहेत."

"मग ही सपाट रेघ?"

"ती पोटॅशियमची गंमत आहे." आणि नकळत त्याचा हात टेबलावर मांडायला काही मिळतंय का ते शोधू लागला. एक पेला मिळाला, एक खोडरबर. "अंधारात या पेशी मागच्या अरुंद फटीत सतत पोटॅशियम सोडत असतात. उजेड पडला की सोडणं कमी होतं, फटीतलं पोटॅशियम उतरतं. हे उतरणं दोन शेजाऱ्यांना जाणवतं. एक मागचा काळा थर, पडद्याला अस्तर असतं तसा. तो रेघ वर ओढतो. दुसऱ्या त्या पडद्याला आधार देणाऱ्या उभ्या पेशी, त्या तीच रेघ खाली ओढतात. कारण एकच, ओढ उलटी. आपल्याला दिसते ती फक्त वजाबाकी. बहुतेकांत मागचा थर थोडा जिंकतो, म्हणून उंचवटा. काहींत दोघं बरोबरीला येतात. चांगल्या धडधाकट माणसांत. तुझ्यात बरोबरी आहे."

"म्हणजे काही नाही असं नाही."

"दोन्ही आहे. जोरात आहे."

हे तिला लगेच समजलं, त्याने मांडलेल्या पेल्यावरून नव्हे. एका घाणीत लाल आणि हिरवा योग्य मापाने पडला की कापड राखाडी निघतं. बघणारा म्हणतो रंगच नाही. त्यात किती रंग मुरलाय ते तिला ठाऊक असतं. ती हसली नाही, रडली नाही. खांदे आपोआप खाली आले, आणि ते आठवडाभर कानांपर्यंत चढलेले होते हे तिला तेव्हा कळलं. मग पोटात, मग पायांत, गरम पाणी उतरावं तसं काहीतरी उतरत गेलं. लेकीचा सुजलेला पाय, तिचं पोट, त्यातलं ते न पाहिलेलं पोर. कुणाच्या खाटेखाली आता पेटी नव्हती. एवढं सगळं उतरून झाल्यावर, अगदी तळाशी, तिला राग सापडला.

"तुला हे कधी कळलं?"

"ज्या दिवशी तू बसलीस त्याच संध्याकाळी. बाईंनी पाठवलं होतं."

"आणि आज रविवार."

तो खाली बघायला लागला. "मला वाटलं नव्हतं तुला काही कळलंय. आणि..."

"बाबांच्या मुलीला निरोगी म्हणून बोलवायचं तुझ्या नियमात बसतं का रे?"

"नाही बसत. तुझी रेघ मी कुठल्याही अभ्यासात धरलेली नाही, धरणार नव्हतो. मला नुसतं बघायचं होतं. तुला सांगून बसवलं असतं तर तू आली नसतीस."

"मला विचारायला हवं होतंस."

"हो."

नळ टपटपत होता. तिने त्याच्याकडे बघितलं. एवढा मोठा माणूस आणि उभाच. खुर्ची रिकामी असूनही बसत नव्हता. आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं की ही रेघ दाखवताना त्याचा चेहरा जसा उजळायला हवा होता तसा तो उजळला नव्हता. बातमी सांगून झाली होती, तरी आवाज अजून घशातच होता.

"तुझी कशी आहे?" तिने विचारलं.

"काय?"

"रेघ. तुझी."

"मी कधी घेतली नाही."

"इतक्या वर्षांत?"

"शेकडो माणसं बसवली. आधी बेडूक होते, त्यांचीही घेतली." त्याने हसायचा प्रयत्न केला. "रक्त तपासूनही कळलं नसतं, बाबांच्यात नेमकं काय बिघडलं होतं तेच आपल्याला माहीत नाही. हे एकच होतं. आणि ते रोज समोर होतं. रोज म्हणायचो, उद्या."

तिने पर्स टेबलावर ठेवली. "थेंब कुठे आहेत?"

"आज नको, ताई. बाई नाहीत. मशीन कोण चालवणार?"

"मी. तू सांग, मी बटणं दाबते. कारखान्यात याहून मोठी चालवते."

त्याने थोडी हुज्जत घातली, पण ती हुज्जत सुटण्यासाठी नव्हती. त्याने स्वतःच थेंब घातले, आरशात बघून तार सोडली, दुसरा डोळा झाकला. तिला दाखवलं: हे दाबायचं, हे सोडायचं, हा आकडा स्थिर झाला की मला सांगायचं. मग त्यांनी दिवा घालवला. डोळे अंधाराला सरावायला वेळ द्यायचा असतो, म्हणून दोघं तिथे बसून राहिले. कोपऱ्यात एक लाल दिवा होता, राखेतल्या निखाऱ्याएवढा. त्यात त्याचा आकार तेवढा कळत होता. अंधारात बारक्या बोलायला लागला, जसा लहानपणी अंथरुणात बोलायचा.

"तुझी रेघ बघितली तेव्हा मी परिषदेच्या जेवणात होतो. उठून बाहेर गेलो. इतका आनंद झाला म्हणून सांगू. आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, म्हणजे आता माझ्या वाट्याला."

"काय?"

"निम्मं. ताईला नाही, म्हणजे मला. मी हे शिकवतो, ताई. दोन मुलांचा एकमेकांशी काही संबंध नसतो, प्रत्येकाचं नाणं वेगळं, असं मी फळ्यावर लिहून देतो. आणि तिथे बाहेर उभा राहून मला पक्कं वाटत होतं की तुझं चांगलं निघालं म्हणजे माझं वाईट. म्हणून फोन केला नाही. तुला आनंदाने सांगायचं होतं, आणि मला नुसता आनंद होईना."

ती अंधारात त्याच्या बाजूला वळली. मग म्हणाली, "मी उलटं धरलं होतं. मला आहे म्हणजे तू सुटलास."

"खरंच?"

"पहिल्या रात्री. दुसऱ्या दिवशी तुला शिव्या घातल्या."

अंधारात तो हसला, आणि ते हसणं ऐकून तिलाही हसू आलं. दोघं बराच वेळ आवाज न करता हसत राहिले, मोठी माणसं पलीकडच्या खोलीत झोपली असावीत तसे. हसताना त्याची तार सरकली आणि ती पुन्हा नीट करावी लागली.

मग तो घुमटात तोंड घालून बसला आणि ती पडद्यापलीकडे. आकडा स्थिर झाला. "दाबू?" "दाब." तिने दाबलं. रेघ डावीकडून चालत आली, आणि उजेड पडताच खाली खोच गेली, खोल. लगेच सुळका वर उडाला, तिच्या सुळक्याहून थोडा बुटका, पण सुळकाच. हे दोन्ही तिने ओळखले. तोंडातून शब्द निघणार तेवढ्यात सुळका उतरला आणि रेघ लांब, आळशी, पुढे निघाली, आणि पुढे काय होतं ते बघायला ती वाकली. तिची खुर्ची कुरकुरली.

"ताई," घुमटातून आवाज आला. "बोल काहीतरी."

"हलू नकोस."

"खोच आहे का?"

"आहे. सुळका आहे. पापणी हलवू नकोस, म्हटलं ना."

"मग गप्प का झालीस?"

रेघ उचलली जात होती. आधी वाटलं भास आहे, मग नाही; हळू, दम लागलेल्या माणसाने जिना चढावा तशी, पण वर.

"थांब रे," ती म्हणाली. "अजून चढतेय."

उजेड संपला, रेघ उंचवट्यावरून घसरायला लागली. ती पडदा सारून आत गेली. त्याने मान मागे टाकली होती, खुर्चीला. झाकलेल्या डोळ्याची पट्टी तशीच, दुसऱ्या डोळ्यातलं पाणी तारेवरून गालावर आलेलं. तिने ते पुसलं आणि सांभाळून तार काढली.

"बघून घे ना स्वतः," ती म्हणाली. "मी काही तज्ज्ञ नाही. चुकले असेन."

"खोच खोल होती?"

"खोल होती."

"सुळका खोचेहून मोठा?"

"दुपटीहून मोठा."

"मग नाही चुकलीस." त्याने श्वास सोडला, तो संपेचना. "बघतो जरा वेळाने. पाच मिनिटं डोळा मिटू दे. तिकडून आल्यापासून झोपलेलो नाही. त्याच्या आधीही..."

त्याच्या आधीही किती, ते तो सांगू शकला नाही. वाक्य संपायच्या आत त्याचा हात खुर्चीवरून खाली लोंबला आणि श्वास जड, एकसारखा झाला. ती स्टूल ओढून शेजारी बसली. दिवा लावायला हरकत नव्हती, पण तिने लावला नाही. बाबा असते तर त्यांना काय सांगितलं असतं असा विचार तिच्या मनात आला. तुमचं काही आमच्याकडे आलं नाही, हे बापाला सांगायचं तरी कसं, आणि ऐकून ते सुखावले असते की थोडे एकटे पडले असते, ते तिला ठरवता येईना. कदाचित दोन्ही. ती तशीच बसून राहिली. लाल दिव्याच्या उजेडात हळूहळू सगळं दिसू लागलं होतं: मशीनच्या कडा, गुंडाळलेल्या तारा, भावाची वाढलेली दाढी, उघडं पडलेलं तोंड. चांगला घोरत होता.

दारावर टकटक झाली. बाहेर पहारेकरी होता.

"सर, किती वेळ? इमारत बंद करायची होती."

ती हळूच उठली, दाराशी गेली आणि ते न उघडता, तोंड फटीजवळ नेऊन दबक्या आवाजात म्हणाली, "अजून थोडं थांबा. चाचणी चालू आहे."